शंभर दिवसांची मजुरी

रविवार, रात्री

चर्चमध्ये उपासनेचा शेवटचा आशीर्वाद झाला न झाला तोच मागच्या बाकावरून काकूंचं आलंच: "दुसऱ्या कडव्यात सूर गेला तुझा." चांगलं चारचौघांना ऐकू जाईल असं. मी वळून हसले. हसले म्हणजे दात दाखवले.

या काकूंचं आणि माझं काय बिनसलंय ते सांगायला बसलं की सगळं फुटकळ वाटतं. प्रार्थनेत माझ्याकडून वचन चुकलं तर मधेच सुधारणार. मुलांच्या वर्गात मी लावलेली चित्रं काढून पुन्हा 'सरळ' लावणार. पण एक गोष्ट फुटकळ नाही. बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशी माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "जरा वेळेवर लक्ष दिलं असतंस तर." तीन वर्षं झाली. वाक्य माझ्याकडे जसंच्या तसं आहे, त्यातल्या 'जरा'सकट.

आणि आज आम्ही सगळ्यांनी एका सुरात (काकूंच्या मते मी सोडून) म्हटलं, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." 'सोडू' नाही, 'सोडले आहे'. म्हणजे दर रविवारी मी देवासमोर उभी राहून खोटं बोलते.

मंगळवार

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय काढून बसले. निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, रविवारच्या शाळेत ऐकली तेव्हा फार सोपी वाटली होती. राजाने त्याचं डोंगराएवढं कर्ज सोडलं आणि त्याने सोबत्याचं चिमूटभर सोडलं नाही. वाईट माणूस, गोष्ट संपली.

पण चिमूटभर कुठे? दीनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. सोबत्याकडचे शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची. ज्याचं हातावर पोट आहे त्याला विचारावं ती रक्कम लहान आहे का. राजाचं येणं मूळ ग्रीक मजकुरात दहा हजार तालांत आहे, आणि एक तालांत साधारण 6,000 दीनारांचा. हिशेब केला तर 6 कोटी दिवसांची मजुरी होते. ते कर्ज फेडण्याची भाषा करणाऱ्या चाकराचं हसूच येतं.

मी मात्र त्या शंभरावरच अडकले. तुझं येणं क्षुल्लक आहे असं येशू म्हणतच नाही. येणं खरं आहे, मोजता येतं, आणि तरी सोडायचं आहे. मला आजवर क्षमेचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने आधी "अगं, त्यांचा हेतू तसा नव्हता" म्हणून माझं येणंच खोडून टाकलं होतं. मग सोडायला माझ्याकडे उरतं काय?

बायबलमधल्याच करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13वा अध्याय लग्नात इतक्यांदा ऐकलाय की शब्द कानांवरून घसरतात. प्रीती 'अपकार स्मरत नाही'. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद जमाखर्चाचंही आहे: नोंद करणं, खाती टाकणं. माझी नोंद किती चोख आहे ते वर लिहिलंच आहे.

गुरुवार

लूकच्या 6व्या अध्यायात वैऱ्यांवर प्रीती करा म्हटल्यावर लगेच कामं सांगितली आहेत. बरं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. ती माणसं आवडून घ्या असं कुठे नाही. केवढं हायसं वाटलं! 'प्रीती' हा शब्द मला पूर्वी जुनाट वाटायचा. आता वाटतं, बरं झालं तोच राहिला. 'प्रेम' म्हटलं की मी आधी आत काही उमटतंय का ते चाचपत बसते.

तर तीन दिवस काकूंसाठी प्रार्थना करतेय. पहिल्या दिवशीची "प्रभू, त्यांना बोलायचं भान दे" ही प्रार्थना नव्हती, तक्रारअर्ज होता. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्यांना काय हवं असेल याची मला कल्पनाच नाही. खरं सांगायचं तर, त्यांचं एखादं लपलेलं दुःख कळेल आणि माझं मन विरघळेल अशी मी वाट पाहत होते. तसं काही निघालं नाही. काकू धडधाकट आहेत, मजेत आहेत. स्वभावच तसा आहे.

फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेझ 1888मध्ये, पंधराव्या वर्षी, कार्मेल मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी वारलीसुद्धा. मठातली एक धर्मभगिनी तिला कशातच आवडत नसे. तेरेझ तिच्यासाठी प्रार्थना करी, तिची कामं करी, उत्तर तोंडावर आलं की हसून विषय बदली. शेवटी ती भगिनीच विचारू लागली, माझ्यात तुला एवढं काय आवडतं? ही गोष्ट मला थोडी खुपते. ते हसू खरं होतं की माझ्यासारखं दातांचं? पण माझ्या दातांत आणि तिच्या हसण्यात बहुधा त्या प्रार्थनांचं अंतर आहे. तीन दिवसांत ते कापून होणार नाही.

शनिवार

मत्तयाच्या त्याच 18व्या अध्यायात, दाखल्याच्या आधी, 15वं वचन आहे. भावाने अपराध केला तर जा आणि दोघेच असताना त्याला दाखवून दे. हे मी सोयीने गाळत आले. दोघींत बोलायचं ते मी निदान सहाजणींना सांगून झालंय.

आज गीतांच्या सरावानंतर थांबले. म्हटलं, "काकू, बाबांच्या वेळी तुम्ही मला असं म्हणाला होतात. मला फार लागलं ते." आवाज कापत होता. सूर तर गेलाच होता.

त्या बघत राहिल्या. "मी? मी म्हटलं असं?" नाटक नव्हतं, त्यांना खरंच आठवत नव्हतं. तीन वर्षं मी जे जपलं त्याची दुसरी प्रत कुठे नव्हतीच. मग म्हणाल्या, "म्हटलं असेन. माझं तोंड..." आणि वाक्य तिथेच टाकून गीतांची पुस्तकं गोळा करायला लागल्या. माफी मागितली नाही. मीही पुस्तकं उचलू लागले.

मी रचलेला गठ्ठा त्यांनी उचलला, कडा ठोकून सारख्या केल्या आणि पुन्हा ठेवला. मी दुसरा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला.