गवा यायच्या वाटेवर काठ्या बारीक

जांबोटीला बसमधून उतरलो तेव्हा गळ्यात दुर्बीण, खांद्याला कॅमेरा असा माझा थाट होता. न्यायला आलेल्या मामांनी (बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे) वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "जनावरं बघायला आलासा न्हवं जावईबापू? मग दुपारी झोपून घ्या. ती काय दिवसा येत न्हाईत."

मी बेळगावातल्या शहापूरचा. चोर्ला घाटातून गोव्याला शंभरदा गेलो असेन, पण या रस्त्याला डावीकडं वळून कधी आत शिरलो नव्हतो. मामांचं शेत डोंगराच्या उतरणीवर. खाली भाताची खाचरं, वर तांबड्या मातीत रताळी, त्याच्यावर काजू, आणि काजू संपले की रान. पुढं कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडं जाते आणि अलीकडच्या-पलीकडच्या ओढ्यांचं पाणी म्हादईतून गोव्याला. याच रानाचा साधारण १९० चौरस किलोमीटरचा तुकडा २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मामा त्याला नुसतं 'फॉरेस्ट' म्हणतात, शेजारच्या भावकीचं नाव घ्यावं तसं.

झोप कसली येतेय. नोव्हेंबरचं ऊन, अर्धं भात कापून झालेलं, अर्धं उभं. बांधावरच्या करवंदीच्या जाळीत हात घालणार तेवढ्यात मामी ओरडल्या, "हात काढा!" एक हिरवी फांदी हलली. हरणटोळ. बोटाएवढा जाड, टोकदार तोंडाचा, आणि डोळ्यातली बाहुली आडवी, किल्लीच्या भोकासारखी. वाऱ्यानं पानं हलली की तोही तेवढाच डुलायचा, वारा थांबला की थांबायचा. "टाळूवर चोच मारतो, माणूस जाग्यावर," मामींनी सांगितलं. तसं काही नसतं. त्याचं विष सरडे-बेडकांपुरतं, माणसाला फारतर सूज येते. पण हे मी मामींना दोनदा सांगून पाहिलं आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला.

उंबरावर शेकरू होतं. तांबूस-तपकिरी अंग आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. मागच्या पायांनी फांदीला धरून उलटं लोंबकळत ते दोन्ही हातांनी उंबर फिरवून फिरवून खात होतं. खाली नुसता कचरा. एकच शेकरू तीन-चार घरटी बांधतं, ती शेंड्याला काटक्यांच्या गोळ्यासारखी दिसत होती. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. हे कळल्यावर मामा गालात हसले. "म्हंजे आमच्यासारखंच की. बसलंय हिकडं, नाव तिकडं." सीमाप्रश्नावर इतकं थोडक्यात बोललेला माणूस मी बेळगावात पाहिलेला नाही.

बाकी दिवसभर जनावरांच्या नावानं मामा मला खड्डे दाखवत हिंडले. रताळ्याच्या वावरात नांगरट केल्यासारखा पट्टा उकरलेला, वेल उलटेपालटे, ते रानडुकराचं. त्याच्या पलीकडं एकेक नीट पोखरलेलं रताळं, कडेला दोन समोरच्या दातांचे चर, ते साळिंदराचं. तिथंच एक काटा पडला होता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, वीतभर. साळिंदर काटे फेकून मारतं अशी मामांचीही समजूत. खरं तर ते पाठ फिरवून मागं धावतं आणि सैल काटे समोरच्याच्या अंगात रुततात. हे मात्र मामांना पटलं, कारण त्यांच्या कुत्र्याच्या नाकातून त्यांनी स्वतः काटे उपटले होते. तो कुत्रा आता रात्री घरात झोपतो, साळिंदराच्या नव्हे, बिबट्याच्या भयानं.

"भरपाई मिळते की," मी म्हणालो.

"मिळत्या. अर्ज कन्नडात लिहायचा, फोटो जोडायचा, मग चार खेपा घालायच्या. गवा त्या मानानं बरा, एकदाच येतोय."

संध्याकाळी डोक्यावरून वटवाघळं निघाली. इथून पुढं कृष्णापूर-तळेवाडीच्या रानात बारापेडेची गुहा आहे. तिथल्या रॉटनच्या वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं आणि पुढं जवळजवळ नव्वद वर्षं ते जगात याच एका गुहेत आहे असं समजलं जायचं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. गुहेकडं परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणून मी अंगणातूनच मान वर करून समाधान मानलं. आमच्या डोक्यावरची साधीच असणार.

नाचणीची भाकरी आणि कुळथाची आमटी खाऊन दहाच्या सुमारास माळ्यावर चढलो. चार वाशांवर गवताचं छप्पर, घोंगडी, पत्र्याचा रिकामा डबा, बॅटरी. थंडी चांगलीच होती. मामा पाच मिनिटांत घोरायला लागले. मी कान टवकारून बसलो. भेकर भुंकलं, थेट कुत्र्यासारखं. मग बराच वेळ काहीच नाही.

दोनच्या पुढं कधीतरी मामांचं घोरणं थांबलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग आवाज आला: कर्र, कर्र, ओल्या कापडाची चिंधी फाडावी तसा. उभ्या भाताची लोंबं तोडली जात होती. मध्येच फुर्रकन मोठा श्वास. बॅटरी लावली तर आधी डोळे दिसले, हिरवट, माझ्या छातीच्या उंचीवर. मग काळाकभिन्न उंचवटा आणि खाली चार पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे. मागं आणखी पाच जोड्या डोळे. नराचं वजन हजार किलोपर्यंत जातं हे वाचून माहीत होतं, पण खाचरातला चिखल त्याच्या पावलागणिक 'पचाक' करून सुटत होता तेव्हा ते कळलं. कॅमेरा गळ्यातच राहिला.

मामांनी डबा बडवला. गव्यानं मान वर केली, तोंडातलं लोंब शांतपणे चावून संपवलं, आणि मग वळला. पळाला नाही, गेला.

सकाळी खाचरात उतरून मामांनी बोटांवर हिशेब केला. दोन पोती गेली असतील म्हणाले. मग कोयता घेऊन कुंपणाकडं निघाले, मीही मागोमाग. रचलेल्या दगडांचा गडगा सगळीकडं शाबूत, वरच्या काठ्या मनगटाएवढ्या जाड. फक्त ओढ्याकडच्या कोपऱ्यात गडगा गुडघ्याएवढाच होता आणि तिथल्या काठ्या मोडून पडल्या होत्या. मामांनी बाजूच्या झुडपातून बोटाएवढ्या काटक्या तोडल्या आणि तिथं बांधायला घेतल्या.

"मामा, इथं जरा जाड लावा की. इथूनच तर येतात."

"जाड लावल्या तर काय परत जातंय व्हय ते? गडगा पाडून येईल. गडगा रचायला मला आठ दिवस लागत्यात." त्यांनी गाठ मारली. "ह्या काटक्या अर्ध्या तासात हुत्यात."