असले सिनेमे बघवतात तरी कसे?

जाऊबाई विचारतात, शेजारच्या वहिनी विचारतात, आता तुम्हीही विचारलंत: पोर पळवलंय, आई नाहीतर बाप त्याला सोडवायला निघालाय, असले जीव टांगणीला लावणारे सिनेमे एका आईला बघवतात तरी कसे?

2008चा ‘टेकन’ घ्या. लियाम नीसनने त्यात किती जणांना लोळवलं, ते माझ्या लक्षातही राहत नाही. लक्षात राहतो तो फोन. बाप अमेरिकेत, 17 वर्षांची लेक पॅरिसच्या फ्लॅटमध्ये. समोरच्या बाजूला मैत्रिणीला माणसं उचलून नेताना तिला दिसतात आणि ती बापाला फोनवर सांगते. तो खोटा धीर देत नाही. पलंगाखाली जा म्हणतो, आणि मग खरं ते सांगून टाकतो: ते तुला नेणार आहेत. नेताना जे दिसेल ते ओरडून सांग. उंची, केस, अंगावरची खूण. एवढा कसलेला माणूस, पण त्या क्षणी त्याच्याकडे फक्त आवाज आहे, आणि तो आवाज त्याने थरथरू द्यायचा नाहीये.

2019च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. आमचं घर विश्रामबागेत, आणि मुलगा गावभागात आजीकडे वरच्या मजल्यावर अडकलेला. मधे सगळं पाणी. ‘ओसरेल रे’ असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी विचारलं, “कितव्या पायरीला आलंय?” तो सांगायचा. मग मी म्हणायची, “आजीच्या बीपीच्या गोळ्या प्लॅस्टिकात गुंडाळ. फोन बंद ठेव, चार्जिंग राहू दे. तासाभराने लाव.” तोही अगदी शहाण्यासारखं “हो आई” म्हणायचा. फोन ठेवला की मात्र माझे पाय गळून जायचे. शेवटी दोघांना होडीतून बाहेर काढलं ते त्या भागातल्या पोरांनी. त्यांची नावंसुद्धा आम्हाला कळली नाहीत.

पोर दिसतंय, ऐकू येतंय आणि हात पोचत नाही, यातच या गोष्टींचा सगळा प्राण आहे. पोचल्यानंतर उरते ती हाणामारी. ‘टेकन’ पुढे तसाच होत जातो. बाप एकटा सगळ्यांना पुरून उरतो, मुलीला काही करायलाच उरत नाही, आणि वाईट माणसं बहुतेक परक्या मुलखातली. हे मला खटकतं.

म्हणून जाऊबाईंना मी आधी डेव्हिड फिंचरचा 2002चा ‘पॅनिक रूम’ बघायला सांगते. घरात चोर शिरलेत, मायलेकी पोलादी खोलीत सुरक्षित आहेत, पण लेकीला मधुमेह आहे. तिची साखर उतरायला लागते आणि इंजेक्शन खोलीबाहेर. जोडी फॉस्टर दार उघडून बाहेर पडते, ते आणते, तोवर चोरच लेकीपाशी आत जाऊन बसलेले. आई इंजेक्शन कसंबसं आत पोचवते. पुढचं तिच्या हातात नाही. ते इंजेक्शन मुलीला टोचतो त्या चोरांतलाच एकजण, आणि आई दाराबाहेर उभी असते.