नववी रेघ

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजमध्ये जानेवारी उजाडला की आमच्या शेजारच्या काकांच्या स्वयंपाकघरात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक किंग केक, आणि दुसरी त्या केकच्या खोक्याच्या झाकणावर मारलेल्या नऊ रेघा.

किंग केक म्हणजे दालचिनी घातलेल्या गोड पावाचं मोठं कडं, वर जांभळी, हिरवी आणि सोनेरी साखर भुरभुरवलेली. सहा जानेवारीपासून मार्डी ग्रापर्यंत, म्हणजे ख्रिस्ती उपवासाच्या काळाआधीच्या सणापर्यंत, लुइझियानात तो घरोघरी फिरत असतो. पोटात प्लॅस्टिकचं इवलंसं बाळ दडवलेलं असतं. ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्याने पुढचा केक आणायचा. हे सगळं मला आल्या आल्या कळलं. नऊ रेघांचं कोडं मात्र पहिल्या वर्षी सुटलं नाही. वाटलं, म्हातारा माणूस आहे, वाणसामानाची यादी करत असेल.

ती यादी बेसबॉलची होती. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे गावच्या भाषेत एलएसयूच्या, संघाचा सीझन फेब्रुवारीच्या मध्यावर एका शुक्रवारी सुरू होतो. त्या संध्याकाळी कोच कोणते नऊ जण उतरवणार आणि कोणत्या क्रमाने, याचा अंदाज काका महिनाभर आधीच बांधून बसतात. खात्रीची नावं शाईने, बेभरवशाची पेन्सिलीने.

'काका' मी त्यांना मनातल्या मनात म्हणते. पंचाहत्तरीला टेकलेले आहेत, उभी हयात मिसिसिपीच्या काठच्या रिफायनरीत गेली. ते मला 'शा' म्हणतात. हे इथल्या केजन, म्हणजे फ्रेंच मुळाच्या, लोकांचं लाडाचं संबोधन, आपल्या 'बाळ'सारखं. चाळिशी ओलांडल्यावर कोणी बाळ म्हणणारं भेटलं तर त्याची बेसबॉलची बडबड ऐकून घ्यायला काहीच हरकत नसते.

तसं याद्यांचं मला अप्रूप नव्हतं. मिरजेला आमच्या घरी जुन्या लग्नपत्रिका टाकून देत नसत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर बाबा भारताचे अकरा जण लिहायचे. निवड समितीने संघ जाहीर केला तरी बाबांचा संघ वेगळाच असायचा आणि त्यांच्या मते तोच बरोबर असायचा. २७ मार्च १९९४ला ऑकलंडच्या सामन्यात त्यांनी सचिनला नेहमीसारखं मधल्या फळीत लिहिलं होतं. सकाळी सिद्धूची मान आखडली, सचिन पहिल्यांदाच सलामीला गेला आणि ४९ चेंडूंत ८२ धावा कुटून आला. बाबा दिवसभर त्या पत्रिकेकडे बघून मान हलवत होते. 'कोण कुलकर्णी-पाटील विवाह' असं काहीतरी पुढच्या बाजूला छापलेलं, आणि मागे एका आखडलेल्या मानेने मोडीत काढलेला संघ.

म्हणून काकांच्या झाकणाकडे मी ओळखीच्या नजरेने पाहिलं. पण लवकरच कळलं की इथलं प्रकरण अधिक कडक आहे. क्रिकेटमध्ये कप्तान ऐनवेळी कुणालाही वर पाठवतो. विकेट पडली, पॅड बांध, जा. बेसबॉलमध्ये सामन्याआधी नावांचं कार्ड होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, अंपायरच्या हातात द्यायचं. एकदा दिलं की तोच क्रम शेवटपर्यंत फिरत राहतो. पाचव्याच्या जागी सहावा खेळून गेला आणि समोरच्याने वेळेत बोट ठेवलं, तर आउट. एखाद्याला बदललं की तो गेलाच, परत येणं नाही. एवढ्या पक्क्या कागदाचा महिनाभर आधी अंदाज करायचा म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखंच. एकदा मी कॅल्क्युलेटर काढून काकांना सांगितलं की नऊ जण अगदी ठरलेले असले तरी त्यांचा क्रम ३,६२,८८० प्रकारे लावता येतो. काकांनी केकचा तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "त्यातले शहाणपणाचे चारच आहेत."

ते शहाणपण असं. पहिल्या क्रमांकावर असा मुलगा, जो काहीही करून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचेल. फटका मारून पोचेल, चार खराब चेंडू सोडून पोचेल, अगदी अंगावर चेंडू खाऊन पोचेल. दोन, तीन, चारवर तुमचे पैलवान. डावखुरे आणि उजवे शक्यतो आलटून पालटून, म्हणजे समोरच्या पिचरला, चेंडू टाकणाऱ्याला, हात बसवता येत नाही. आणि नववा? नवव्यानंतर परत पहिला येतो. म्हणून तो शेपूट नसतो, साखळीची कडी असतो. हे वाक्य काका दरवर्षी म्हणतात, आणि म्हणताना हातातल्या पेन्सिलीने झाकणावर गोल काढतात. झाकणाला केकची सोनेरी साखर चिकटलेली असते, ती पेन्सिलीच्या टोकाला लागते.

कॉलेजच्या संघाची आणखी एक गंमत आहे. तो दरवर्षी निम्माशिम्मा नवाच असतो. जुलैत व्यावसायिक संघांचा ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची निवड, होतो, त्यात तीन वर्षं शिकलेली चांगली मुलं निघून जातात. काहींचं शिक्षण संपतं. शाळेतून येणारा एखादा गुणी मुलगा कॉलेजला यायच्या आधीच करारावर सही करून मोकळा होतो. हल्ली तर एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणंही सोपं झालंय. त्यामुळे जानेवारीत जी यादी करायची, ती अर्ध्या अनोळखी माणसांची. गणेशोत्सवाच्या नाटकाला सगळी मंडळी नवी यावीत आणि 'नारदाचं काम कोण करणार?' यावर पैज लागावी, तसं काहीतरी. काका त्यासाठी गृहपाठ करतात. शरदात संघ आपापसांतच दोन तुकड्या करून खेळतो, तेव्हा ते अॅलेक्स बॉक्स स्टेडियमवर जाऊन बसतात. (अॅलेक्स बॉक्स हा एलएसयूचाच आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात उभा राहणारा, दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत मारला गेला.) एकदा मीही गेले. अॅल्युमिनियमच्या बॅटीचा तो 'पिंग' आवाज पातेल्यावर उलथनं आपटल्यासारखा येतो. मला सगळी मुलं सारखीच दिसत होती. काका मात्र फटके बघतच नव्हते. कोणता मुलगा आउट होऊन परतताना हेल्मेट आपटतो आणि कोणता ते शांतपणे रॅकवर ठेवतो, हे बघत होते.

मला तोंडपाठ असलेलं झाकण २०२३चं. त्या वर्षी सीझनआधीच्या क्रमवारीत एलएसयू पहिली होती, त्यामुळे गावात जो तो कोच झाला होता. काकांनी चार नावं शाईत लिहिली. सेंटर फील्डला डिलन क्रूज, त्याच्या लगेच मागे टॉमी व्हाइट. हा नॉर्थ कॅरोलिना स्टेटमधून आलेला. तिथे पहिल्याच वर्षी त्याने २७ होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडचे फटके, मारले होते. मग फर्स्ट बेसला ट्रे मॉर्गन, शॉर्टस्टॉपला जॉर्डन थॉम्पसन. पुढे पेन्सिल सुरू. सेकंड बेससमोर गॅव्हिन डूगास, आणि त्यापुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह. होमा गावचा हा मुलगा, २०२१मध्ये १९ होमरन मारलेला, पण तेव्हा आउटफिल्डमध्ये. तो आतल्या बाजूला नांदेल का? कॅचरसमोर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणाऱ्याच्या जागेसमोर, दोन नावं, मध्ये तिरकी रेघ. आठव्या रेघेवर पॉल स्कीन्स लिहून खोडलेलं. एअर फोर्स अकॅडमीत तो पिचिंगही करायचा, कॅचरही असायचा आणि फटकेही मारायचा. काकांचा जीव तिथेच अडकला. दोन दिवसांनी त्यांनीच खोडरबर घेतलं. "त्याच्या हाताला फक्त चेंडू टाकू द्या," म्हणाले. कोचनेही तेच केलं.

नववी रेघ कोरी ठेवून काकांनी पेन्सिल माझ्याकडे दिली. "पहिले चार कुणीही सांगेल, शा. नववा तू सांग."

मी केड बेलोसो म्हटलं. काका खो खो हसले. हा मुलगा गुडघ्याच्या दुखापतीने २०२२चा अख्खा सीझन बाहेर बसलेला. "गुडघा धरून बसलेल्या घोड्यावर पैसे लावतेस?" खरं सांगायचं तर माझ्याकडे बेसबॉलचं काही कारण नव्हतं. सगळे येणारे-जाणारे असताना पाचव्या वर्षीही तिथेच असलेला मुलगा मला आपला वाटला, इतकंच. निवड समितीत बसायची माझी लायकी यावरून कळावी.

तरी पेन्सिल हातात देताना काकांच्या मनात काय होतं, ते मला ठाऊक आहे. १९९६ची ओमाहातली कॉलेज वर्ल्ड सीरिजची, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची, फायनल. ती त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी उभं राहून. मायामी ८, एलएसयू ७. शेवटची इनिंग, दोन आउट, एक जण थर्ड बेसवर. खेळायला आला वॉरन मॉरिस, नवव्या क्रमांकाचा. हाताचं हाड मोडल्यामुळे सीझनचा बराच काळ बाहेर बसलेला, त्या वर्षी एकही होमरन नाही. पहिल्याच चेंडूवर त्याने तो उजवीकडच्या कुंपणापलीकडे टाकला. एलएसयू ९-८. मायामीची मुलं होती तिथे जमिनीवर कोसळली. काका एवढं सांगून पुन्हा खुर्चीत बसतात आणि गुडघे चोळतात.

तर २०२३चा निकाल. काकांची शाई एकही पुसली गेली नाही. डूगास सेकंड बेसवर नांदला, प्रश्नचिन्ह वाया गेलं. कॅचरच्या तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना नसलेला हेडन ट्रॅव्हिन्स्की सीझनच्या उत्तरार्धात असा तळपला की त्याला बाहेर ठेवणं अशक्य झालं. काका यावर आजही म्हणतात, "तो जानेवारीत दिसतच नव्हता," जणू मुलानेच तोंड लपवलं होतं. वर्ल्ड सीरिजच्या उपांत्य लढतीत वेक फॉरेस्टविरुद्ध अकराव्या इनिंगपर्यंत शून्य-शून्य. क्रूज बेसवर पोचला, मागोमाग व्हाइटचा होमरन, २-०. झाकणावरच्या लागोपाठच्या दोन शाईच्या ओळी. त्या रात्री साडेदहाला काका चप्पल न घालता आमच्या दारात आले. हातात झाकण. नुसतं त्या दोन ओळींवर बोट ठेवून उभे राहिले.

आणि फ्लोरिडाविरुद्ध फायनलचा पहिला सामना, पुन्हा अकरावी इनिंग, ३-३. होमरन मारला बेलोसोने. ४-३. मी त्याला नवव्या रेघेवर घातलं होतं, कोचने मधल्या फळीत खेळवलं; पण तेवढी चूक मी स्वतःला माफ केली. काकांच्या घराचा दिवा लागलेला होता. मी चप्पल घालून गेले. फार बोललो नाही. त्यांनी फ्रीजमधून उरलेली जांबालाया, म्हणजे इथला मसालेभात, काढून दिली, हाच माझा सत्कार. दुसऱ्या दिवशी फ्लोरिडाने २४-४ असं धुतलं आणि आम्ही दोघंही एकमेकांना टाळून अंगणात झाडांना पाणी घालत होतो. तिसऱ्या दिवशी १८-४ने जिंकलो. अशा टोकाच्या आकड्यांपुढे कुठलं झाकण टिकणार?

ते झाकण काकांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलंय. वर मुंग्या लागू नयेत म्हणून प्लॅस्टिकची पिशवी चढवली आहे. शेजारी २०२५चं, आठव्या विजेतेपदाचं. आधीच्या वर्षांचीही आहेत, हरलेल्या वर्षांची जरा मागच्या बाजूला. ओळीने पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. जुन्या झाकणांवर शाईची पाच-सहा नावं आहेत. हळूहळू ती चार झाली, मग तीन. मुलं येतात जातात इतकी, की जानेवारीत खात्री धरावी असं हाताशी फार राहत नाही.

यंदाच्या झाकणावर शाई फक्त दोन ओळींवर आहे. परवा विचारलं तर काका म्हणाले, "पेन सापडत नव्हतं." पेन त्यांच्या खिशातच होतं.

केकमधलं बाळ यंदा माझ्या तुकड्यात निघालं. म्हणजे पुढचा केक माझ्याकडे, आणि त्याचं खोकंही. काकांनी आठ रेघा भरून पेन्सिल पुढे केली. मी अजून विचार करतेय. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.