पंधरा मिनिटांचा हिशेब

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर, कंट्रोल टॉवरमध्ये नोकरी करतो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. दिवसाला एवढीशी विमानं, मग तुम्ही दिवसभर करता काय? बरेचसे दिवस तसेच जातात, हे खरं आहे. जुलैतली ती दुपार मात्र तशी गेली नाही.

बाहेरगावच्या एका संस्थेचं चार आसनी प्रशिक्षण विमान आलं होतं. आत एकटी विद्यार्थिनी, आवाजावरून फार तर एकोणीस-वीसची. पश्चिमेचा वारा होता, म्हणून तिला धावपट्टीच्या २५ या टोकाकडून, पश्चिमेकडं तोंड करून उतरायला सांगितलं. चाकं छान टेकली. मग अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर विमान डावीकडे ओढलं गेलं, वळवळलं आणि मधल्या रेषेच्या जरा बाजूला थांबलं. दुर्बीण लावली तर डावा पंख खाली झुकलेला. रेडिओवर तिचा आवाज आला, "टॉवर, लेफ्ट टायर बर्स्ट, अनेबल टू टॅक्सी." डावा टायर फुटलाय, विमान जमिनीवर चालवता येत नाही. वाक्य अगदी पुस्तकातलं होतं, फक्त शेवटचा शब्द थरथरला.

घड्याळात एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती. आमच्या वहीत ते आठ वीस लिहायचं, कारण विमानांचं सगळं काम जागतिक वेळेवर चालतं. मी तिला इंजिन बंद करायला सांगितलं, दुखापत आहे का विचारलं आणि अलार्म दाबला. अग्निशमनची गाडी निघाली. त्यानंतरचं काम बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. समोरच्या बोर्डवर प्रत्येक विमानाची एक पट्टी असते, आम्ही तिला स्ट्रिप म्हणतो. त्यात धावपट्टीच्या जागेवर लाल पट्टी आडवी ठेवली: रनवे बंद. धावपट्टी बंद आहे हे कुणी विसरतं का, असं वाटेल. पण तीन फोन एकदम वाजत असतात, रेडिओवर सवयीचा आवाज येतो आणि सवयीनं तोंडातून परवानगी निघू शकते. ती पट्टी हात आणि तोंड यांच्या मध्ये उभी राहते.

मुंबईला मुख्य धावपट्टी अडली तर निदान दुसरी आहे. जुलै २०१९ मध्ये पावसात एक विमान तिथं मुख्य धावपट्टी ओलांडून पुढं गेलं आणि रुतून बसलं. ती जवळपास चार दिवस बंद राहिली, तरी १४/३२ या दुसऱ्या धावपट्टीवर विमानतळ रडतखडत चालू होता. कोल्हापूरला एकच, ०७/२५. करूळ घाटात ट्रक आडवा झाला की गगनबावड्याला जसं सगळं थांबतं, तसंच.

दोन वाजून दोन मिनिटांनी हैदराबादहून येणाऱ्या एटीआरनं, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानानं, साद घातली. सव्वादोनपर्यंत डोक्यावर येणार होता. त्याला धावपट्टी बंद असल्याचं आणि कारण सांगितलं. त्याचा पुढचा प्रश्न मला माहीतच होता: किती वेळ?

त्या दुपारचा खरा निर्णय हा होता. विमान कुठं न्यायचं हे पायलट ठरवतो, मी नाही. पण तो ठरवणार माझ्या उत्तरावर. धावपट्टीवरून आमच्या अग्निशमनच्या प्रमुखांचा वॉकीटॉकीवर आवाज आला होता, "सायेब, टायर पार फाटलाय, रिमवर बसलंय इमान. धा मिन्टात बाजूला घेतो बघा." माणूस कामाचा, शब्दाचा पक्का. पण त्यांची दहा मिनिटं म्हणजे हात लावल्यापासूनची दहा मिनिटं. हात कधी लावायचा? आधी फोटो, मग वर कळवणं, मग विमानाच्या मालकांच्या इंजिनिअरशी फोनवर बोलणं. रिमवर बसलेलं विमान तसंच ओढलं तर डांबराला चर पडतो, म्हणून पंखाखालच्या आधाराला धरून ते उचलायचं आणि चाकाखाली सपाट ट्रॉली सरकवायची. विमान गेलं की संपूर्ण धावपट्टीची पाहणी.

मी रेडिओवर सांगितलं, "डिले नॉट डिटरमाइन्ड." उशीर किती होईल ते ठरलेलं नाही, पुढची माहिती दोन पंचवीसला देतो. पायलटला असं उत्तर आवडत नाही. आकडा दिला की त्याला बरं वाटतं, देणाऱ्यालाही बरं वाटतं. पण दहा म्हटलं की तो दहा थांबणार, मग "अजून पाच" म्हटलं की तेही थांबणार, आणि असं पाच-पाच करत त्याचं परतीचं इंधन आपण आपल्या तोंडानं जाळतो. त्यानं सांगितलं, हैदराबादला परतण्याचं इंधन राखून दोन पन्नासपर्यंत घिरट्या घालू शकतो. त्याची नोंदवलेली पर्यायी जागा बेळगाव होती, पण तिथं ढग खाली आले होते आणि गोव्याला पाऊस लागला होता. जेट किंवा एटीआरसारख्या टर्बोप्रॉप विमानानं उतरताना किमान तीस मिनिटांचं शेवटचं इंधन शिल्लक ठेवायचं, हा नियम आहे. त्याला हात घालायची वेळ आली तर पायलट "मेडे फ्युएल" म्हणतो, म्हणजे इंधनाची आणीबाणी. तो शब्द मला माझ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचा नव्हता.

एटीआर डोक्यावर आला आणि ढगांवर घिरट्या घालू लागला. एक फेरी साधारण चार मिनिटांची. त्याच सुमारास मुंबईहून निघालेलं एक छोटं खासगी जेट बोलू लागलं. त्याच्यासाठी एटीआरच्या वर एक हजार फुटांवर जागा दिली. त्या पायलटनं विचारलं, विमानाच्या अलीकडं किती लांबी मोकळी आहे? विचारण्यात काही गैर नव्हतं. मी सांगितलं, रनवे क्लोज्ड.

मग फोन वाजला. जेटमध्ये कुणीतरी मोठे होते आणि फोनवर त्यांचा माणूस. "अहो साहेब, निम्मी धावपट्टी मोकळीच हाय की! आमच्या विमानाला तेवढी बास होतीया."

"मोकळी दिसते, पण उघडी नाही," मी म्हणालो.

"म्हंजे?"

म्हणजे असं, की कुठून कुठपर्यंत उतरता येईल ते अंतर मोजून, तपासून, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना काढून जाहीर करावं लागतं. टॉवरच्या काचेतून अंदाजानं देता येत नाही. ओल्या धावपट्टीवर ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, आणि समोर एक पोरगी, आठ-दहा माणसं आणि पाण्यानं भरलेली आगीची गाडी उभी आहे. एवढं सगळं मी फोनवर बोललो नाही. "फोन ठेवतो, रेडिओवर विमान आहे," इतकंच म्हणालो. सरकारी नोकरीत फोन ठेवण्यासाठी यापेक्षा चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

दोन पंचवीसला एटीआरला कळवलं: परवानगी आली, विमान अजून जागेवर. दोन चाळीसला पुन्हा: उचलायचा प्रयत्न चालू, त्यानंतर पाहणी बाकी. दुर्बिणीतून मला दिसत होतं, एका बाजूनं सहा जण पंख उचलत होते आणि ट्रॉली रिमला अडकून बसत होती. पश्चिमेकडून सरही येताना दिसत होती. दोन त्रेचाळीसला एटीआरचा पायलट म्हणाला, "डायव्हर्टिंग टू हैदराबाद." मुंबईच्या नियंत्रण कक्षाला हॉटलाइनवर कळवलं आणि त्याला त्यांच्या हवाली केलं.

तीन मिनिटांनी चाक ट्रॉलीवर बसलं. दोन एक्कावन्नला विमान धावपट्टीबाहेर गेलं.

आता कुणीही म्हणेल, झालं की मोकळं! पण पाहणी राहिली होती. २५ जुलै २००० ला पॅरिसमध्ये कॉन्कॉर्ड कोसळलं, ११३ माणसं गेली, ते आधी उडालेल्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या पत्र्याच्या पट्टीमुळं. ती जेमतेम हातभर लांबीची होती. आमची जीप पूर्ण लांबीभर गेली आणि परत आली. टायरच्या चिंध्या मिळाल्या, आणि एक वाकडा बोल्ट. दोन अठ्ठावन्नला मी लाल पट्टी उचलली.

पहिलं उतरलं ते खासगी जेट. त्याच्या टाकीत थांबण्याएवढं इंधन होतं आणि ते थांबलं होतं. एटीआर हैदराबादहून इंधन भरून संध्याकाळी दिवे लागल्यावर आला. ती विद्यार्थिनी तोवर खाली चहा घेऊन, घरी चार फोन करून सावरली होती. विमान सरळ ठेवून थांबवलंस, ते चांगलं केलंस, असं मी तिला मुद्दाम सांगून आलो.

त्या एटीआरमध्ये आमच्या राजारामपुरीतले एक काका होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत त्यांनी मला गाठलंच.

"तू होतास काय रे वर? घर खाली, आणि आम्ही परत हैदराबादला! पंधरा मिनिटांनी चालू झालं म्हणं."

मी सांगितलं, "काका, तुमचं विमान गेलं तेव्हा ती पंधरा आहेत की पन्नास, हे मलाही माहीत नव्हतं. आणि थांबायला तुमच्याकडं सातच उरली होती."

"आणि त्या पुढाऱ्याचं बरं उतरलं?"

इंधनाचं सांगितलं, बेळगावच्या ढगांचं सांगितलं, मुंबईहून येणाऱ्या आणि हैदराबादहून येणाऱ्या विमानातला फरक सांगितला. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पिशव्या मोजून घेतल्या.

"ते सगळं खरं असंल," ते म्हणाले, "पण फोन आलता का न्हाई, तेवढं सांग."

"आलता," मी म्हणालो.

"मग झालं तर," म्हणत काका निघाले.