घरच्या बिअरसाठी आधी काय घ्यावं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर मंडळाच्या कार्यक्रमात लोक हे माझ्या नवऱ्याला विचारतात आणि तो माझ्याकडे बोट दाखवतो. प्रश्न ठरलेला: "घरी बिअर करायची, तर आधी काय घेऊ?" विचारणाऱ्याच्या फोनवर पंप आणि टचस्क्रीनवाल्या चकचकीत स्टीलच्या यंत्राचा फोटो तयार असतो. माझं उत्तरही ठरलेलं आहे: आधी फ्रिज घ्या. जुना, कुणाच्या तरी गॅरेजमधून निघालेला चालेल.

उकळायला कुठलंही मोठं पातेलं चालतं. बिअर करतं ते यीस्ट, आणि त्याचे नखरे सगळे तापमानाचे. एल (ale) या बिअर-प्रकाराच्या बहुतेक यीस्टला १८ ते २० अंश सेल्सियस मानवतात. पण आंबवण ऐन भरात आली की ती स्वतःच तापते; खोलीत २२ अंश असतील तर ड्रमच्या आत २५-२६ सहज होतात आणि बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो. म्हणून आंबवणीचा ड्रम फ्रिजमध्ये ठेवायचा, फ्रिजची पिन तापमान बघून फ्रिज चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरमध्ये लावायची आणि त्याचा सेन्सर ड्रमच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधायचा. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवलात तर तो हवेचंच तापमान सांगणार. आमच्या शिकागोकडे हिवाळ्यात बेसमेंट गार पडतं, तेव्हा कंट्रोलरच्या दुसऱ्या सॉकेटला हीटिंग बेल्ट, म्हणजे ड्रमला ऊब देणारा विजेचा पट्टा, लावावा लागतो.

आता पातेलं. इथला नेहमीचा घाणा ५ गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा. तासभराच्या उकळीत तीन-चार लिटर पाणी उडून जातं, शिवाय फेस वर येतो. तयार माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, त्याचा अर्क) वापरणार असाल तर ३० लिटरचं पुरे. धान्यापासून करायची असेल तर सरळ ३८ लिटरचं घ्या. साडेचार-पाच किलो भरडलेलं माल्ट जाळीच्या पिशवीत घालून ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं आणि मग श्रीखंडाच्या दह्यासारखी पिशवी वर टांगून निथळू द्यायची. माल्ट भिजवायचं वेगळं भांडं, म्हणजे मॅश टन, सुरुवातीला लागत नाही.

विजेचं यंत्र घ्यायचंच असेल तर आधी घरातला सॉकेट बघा. १२० व्होल्टवर दीड-पावणेदोन हजार वॉटच मिळतात. तेवढ्यावर २८ लिटर पाण्याला उकळी यायला दोन तासांच्या आसपास लागतात. प्रोपेनचा बर्नर झटपट काम करतो, पण तो उघड्यावरच लावायचा. गॅरेजचं दार उघडं ठेवलंय हे कारण चालणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उकळी संपली की द्रव गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं पातेल्यात सोडून त्या नळीतून नळाचं गार पाणी फिरवायचं. त्यानंतर जे जे बिअरच्या संपर्कात येईल ते ते आम्लाच्या सॅनिटायझरमधून काढायचं. आधी घासून धुवायचं, मग सॅनिटाइझ. दोन्ही कामं वेगळी. त्याचा फेस राहिला तरी पुन्हा पाण्याने खळबळू नका. ही सवय आपल्या हातांना सुटता सुटत नाही.

इथे १९७८ च्या कायद्याने, म्हणजे कार्टर यांच्या काळात, घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर गेला. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, विकायची मात्र नाही. पुण्याहून विचारणाऱ्या भाच्याला मी यंत्रं सुचवत नाही, कारण महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे.

राहिल्या बाटल्या. तपकिरी आणि पत्र्याचं बूच दाबून बसवता येईल अशाच घ्या, १९ लिटरला साधारण पन्नास लागतात. भरण्याआधी हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीचा) आकडा तीन दिवस हललेला नसावा. आंबवण अर्धवट असताना साखर घालून बूच लावलंत, तर बाटल्या फुटतात. बाटल्या धुण्याचा कंटाळा आला की केग, म्हणजे बिअरचं धातूचं पिंप, घ्यालच, तेव्हा ते गार ठेवायला दुसरा फ्रिज लागेल.