ओ, स्टँड!

परवा दुपारी पाटोद्याच्या बाजूला एका वळणावर लिंबाखाली बसलेल्या आजोबांनी माझ्याकडं बघून पंजाची उघडझाप केली. म्हणजे, लाईट चालू आहे. आता १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांना लाईट बंद करायचं बटणच राहिलं नाही. इंजिन चालू तर दिवा चालू. समोरच्याला गाडी दिवसाही लांबून दिसावी म्हणून. पण हे आजोबांना थांबून कोण समजावणार? मी मान हलवली. ते समाधानानं पुन्हा तंबाखू मळायला लागले.

आमच्याकडं अनोळखी माणसाला सूचना द्यायची भारी हौस. त्यातली सगळ्यात मोलाची म्हणजे "ओ, स्टँड!" खाली राहिलेलं साईड स्टँड सरळ रस्त्याला निमूट असतं. डावं वळण आलं, गाडी कलली, की त्याचं टोक डांबराला टेकतं आणि माणूस शेतात. म्हणून शाळेची पोरं, शेळ्यांमागची बाई, एसटीच्या खिडकीतला कंडक्टर, सगळे जीव तोडून ओरडतात. मागं बाई बसलेली असेल तर "पदर, पदर!" हल्लीच्या काही गाड्या स्टँड खाली असलं तर गिअर टाकताच बंद पडतात. चांगलंच झालं. ओरडणं मात्र थांबलेलं नाही, आणि स्टँड वर आहे हे माहीत असूनही पाय आपोआप चाचपून बघतो.

घाट मी शिकलो तो पेट्रोलच्या टाकीवर बसून. अण्णांची राजदूत, बीडहून मांजरसुंबा. टाकीवर मी, मागं आई, आईच्या मांडीवर धाकटी. कायदा मागं एकच माणूस म्हणतो, पण आम्हाला कुणी विचारलं नाही. चड्डीला पेट्रोलचा वास, मांड्यांना टाकीचा चटका. समोर कुणी असो नसो, अण्णा प्रत्येक वळणाआधी हॉर्न द्यायचे. वळणाच्या आधीच वेग पाडायचे, आत शिरल्यावर ब्रेकला पाय लावायचे नाहीत. आणि मला सांगायचे, "खड्ड्याकडं बघू नको, रस्त्याकडं बघ." जसं काही हँडल माझ्याच हातात! पण खरंच, नजर जिकडं, गाडी तिकडं.

परतीच्या उताराला बाकीचे लोक इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायचे. इंजिननंच गाडी ओढून धरावी म्हणून अण्णा ज्या गिअरमध्ये चढले त्याच गिअरमध्ये उतरायचे. राजदूतसारखं टू-स्ट्रोक इंजिन उताराला फारसं ओढून धरत नाही, हे पुढं एका मेकॅनिकनं मला सांगितलं. अण्णांना मी सांगितलं नाही. शिवाय त्या फेरीत माझं खरं लक्ष मांजरसुंब्याच्या रबडीवर असायचं. आता तिथून चौपदरी रस्ता गेलाय.

आडरस्त्याला मात्र वळणं तशीच आहेत, आणि तिथं माझी अडचण वेगळीच आहे: रामराम. समोरून येणारा प्रत्येक जण हात वर करतो. उजव्या हाताशी ॲक्सिलेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या हाताशी क्लच. वळणात कोणता हात मोकळा करू? मी नुसती मान हलवतो. हेल्मेटच्या आत ती किती हलते ते समोरच्याला कळत नाही. त्यामुळं चार गावांत माझी ख्याती "लई शिष्ट झालाय ओ तो" अशी आहे. असू दे.

सोयाबीन निघालं की रस्त्याचंच खळं होतं. दाण्यांवरून चाक कसं सटकतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायची गरज नाही. मग तूर उंच होते आणि वळणापलीकडचं काहीच दिसत नाही. अण्णांचा हॉर्न तेव्हा आठवतो.

आणि कारखाने सुरू झाले की ऊस. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रेडियम. वळणावर हेड, म्हणजे नुसता ट्रॅक्टर, समोरून निघून जातं, तुम्ही हुश्श म्हणता, आणि दुसरी ट्रॉली अजून तुमच्याच बाजूला असते. एवढी ओरडणारी माणसं आम्ही, पण तिथं कुणाचं काही चालत नाही. ड्रायव्हरनं टेप मोठ्यानं लावलेला असतो.

त्या दिवसांत सूर्य मावळला की मी गाडी काढत नाही. पाहुण्यांकडं मुक्काम ठोकतो. पाहुण्यांना ते आवडतं का, हे अजून विचारलेलं नाही.