निदणाचा मालक आणि त्याचे चाकर

जुलैअखेरचा रविवार, रात्र

आज चर्चच्या मराठी उपासनेत बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील निदणाचा दृष्टांत वाचण्यात आला. त्यात एका मालकाच्या गव्हाच्या शेतात वैरी रात्री निदण नावाचे तण पेरतो; चाकर ते उपटायला तयार होतात, पण मालक म्हणतो की कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या. उपासना संपल्यावर येळ्ळूरकडचे एक शेतकरी सभासद मला म्हणाले, “सर, असा मालक आमच्या शिवारात असता तर लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं.” पाळकसाहेबांच्या उपदेशात या शंकेला जागा मिळाली नव्हती. मला ती दिवसभर पुरली, कारण ती रास्त आहे.

बेळगावच्या परिसरात भाताचे पीक भांगलणीवर, म्हणजे तण काढण्यावर, उभे राहते. पुष्कळ ठिकाणी पावसाआधी कोरड्या रानात धूळवाफ पेरणी होते. चिखल करून रोप लावलेल्या रानात साचलेले पाणी तणाला काही अंशी दाबून ठेवते. धूळवाफेच्या रानात ती सोय नसल्यामुळे पहिल्या पावसाबरोबर भात आणि तण एकाच दमात वर येतात. दोन ओळींमधले तण कोळप्याने निघते, परंतु ओळीतच उगवलेले आणि भातासारखेच पाते असलेले गवत खुरपे घेऊन वाकल्याशिवाय निघत नाही. जाणत्या बायका पाते खोडाला जिथे मिळते त्या सांध्याकडे पाहतात. भाताच्या सांध्यावर पातळ पापुद्रा आणि कानासारखी बारीक टोके असतात, त्या गवताला ती नसतात. हे काम जुलैत टाळले तर सुगीला पोती कमी भरतात, हे सांगायला कृषी खात्याचा माणूस लागत नाही. तेव्हा ‘आम्ही जाऊन निदण गोळा करावे काय?’ असे विचारणारे दृष्टांतातील चाकर आगाऊ नव्हते. कोणताही इमानी गडी जे विचारील तेच त्यांनी विचारले.

मग मालकाने नकार का दिला? शेतकरी सभासदांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून घरी आल्यावर तो भाग पुन्हा सावकाश वाचला. निदण हे गव्हाच्या शेतात वाढणारे असे गवत आहे की कोवळेपणी ते गव्हापासून वेगळे काढता येत नाही. त्याच्या दाण्यात बहुधा एक बुरशी असते आणि तो पिठात गेला तर खाणाऱ्याला दारू प्याल्यासारखी भोवळ येते, त्यामुळे ते निरुपद्रवी म्हणून सोडून देण्यासारखेही नाही. त्याची ओळख पटते ती कणीस बाहेर पडल्यावर, आणि मत्तयाने नेमकी तीच वेळ सांगितली आहे: पाला वाढून दाणा धरला तेव्हा निदण दिसू लागले. म्हणजे चाकरांचा प्रश्न आमच्या जुलैतल्या भांगलणीच्या वेळेचा नाही, तर पीक निसवल्यानंतरचा आहे, आणि निसवलेल्या भातात पाय घालायला आमचे शेतकरीही कचरतात. तोपर्यंत मातीखाली दोन्हींची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. शिवाय हे वाऱ्याने किंवा पुराच्या पाण्याने आलेले चार काडी गवत नव्हे. कोणी रात्रीतून मुद्दाम पेरलेले, शेतभर पसरलेले आहे. असा वैरी ही केवळ गोष्टीपुरती कल्पना नसावी, कारण सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने संकलित करवून घेतलेल्या रोमी कायद्यात दुसऱ्याच्या उभ्या पिकात निदण टाकणाऱ्यावर दावा कसा चालवावा याचाही विचार केलेला आढळतो.

या दृष्टांतावरून सहनशीलतेचा जो गोड उपदेश नेहमी केला जातो तो मला पुरता पटत नाही. मालक निदणाला गहू म्हणत नाही, निदणाची दया येते असेही म्हणत नाही. त्याने दिलेले कारण एकच आहे आणि ते गव्हाच्या बाजूचे आहे: निदण उपटताना तुम्ही गहूही उपटाल. पुढे कापणी आहे, पेंढ्या बांधणे आहे, आग आहे; ते वगळून केलेला उपदेश अर्ध्यावर थांबतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस क्रिसोस्तोम या ख्रिस्ती उपदेशकाने या भागावर बोलताना म्हटले होते की निदणातलेही पुष्कळ जण बदलून गहू होण्याचा संभव आहे. शेतात असे होत नाही, माणसांत होते. तेवढ्यापुरता त्याने दृष्टांत ताणला आहे, पण तो ताण मला मान्य आहे.

माझे लक्ष आज दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. लोकसमुदायाला निरोप देऊन येशू घरात गेला तेव्हा शिष्यांनी या दृष्टांताचा अर्थ विचारला आणि त्याने तो एकेक करून सांगितला: चांगले बी पेरणारा कोण, शेत म्हणजे काय, चांगले बी कोणते, निदण कोण, ते पेरणारा वैरी कोण, कापणी कोणती, कापणारे कोण. इतक्या सगळ्यांचा उलगडा झाला. चाकर कोण, हे मात्र त्याने सांगितलेच नाही. वास्तविक मालकाशी बोलणारे गोष्टीत तेच आहेत, आणि प्रश्न घेऊन घरात त्याच्यापाशी आलेले शिष्यही तसेच. आपण वाचताना स्वतःला गहू धरतो आणि शेजारच्या बाकावर निदण शोधतो. आपण चाकरांच्या जागी असू, हे सहसा मनात येत नाही. आणि चाकरांना या गोष्टीत कापणीचे कामसुद्धा मिळत नाही. कापणारे देवदूत आहेत, चाकरांना फक्त थांबायला सांगितले आहे.

अर्थात थांबण्याच्या या आज्ञेतून वाट काढणारे पूर्वीही होते. सम्राट डायोक्लेशनच्या छळात, म्हणजे ३०३ सालानंतर, ज्यांनी भीतीने शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या त्यांच्यावरून उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, फुटली, आणि डोनाटसपंथीयांनी आपली मंडळी शुद्ध असल्याचा दावा केला. ४११ साली कार्थेजला दोन्ही पक्षांचे बिशप समोरासमोर बसले तेव्हा हाच दृष्टांत वादात आला. डोनाटसपंथीयांचे म्हणणे असे की येशूने शेत म्हणजे जग असे सांगितले आहे, मंडळी असे नव्हे. तेव्हा निदण जगात राहू द्यावे, मंडळीत नको. शब्दाला धरून पाहिले तर त्यांचे बरोबर होते. दुसऱ्या पक्षाच्या ऑगस्टिन या बिशपने उलट बाजू धरली की मंडळीतही दोन्ही कापणीपर्यंत एकत्रच राहणार. मला ऑगस्टिनचे पटते, पण त्याच ऑगस्टिनने डोनाटसपंथीयांवर राजसत्तेची सक्ती करण्यास संमती दिली, हे वाचल्यावर वाटते की चाकरांची घाई कोणत्याच पक्षाला सुटलेली नाही.

हे सारे आज एवढे मनावर घेण्याचे कारण म्हणजे आमच्या चर्चच्या कमिटीपुढे आलेला एक अर्ज. एका सभासदाचे नाव यादीतून कमी करावे, अशी मागणी आहे. कारणे मी येथे लिहीत नाही. त्यांतील काही खरी आहेत, हे मला ठाऊक आहे. त्याची आई दर रविवारी न चुकता येते, मुले संडे स्कूलला आहेत, आणि बायको प्रार्थनासभेत अजून बोलू लागलेली नाही, पण बसते. नाव एकाचे कमी होईल आणि बाक चौघांचा रिकामा होईल, असे मला वाटते. बेळगावात १८२० पासून लंडन मिशनने आणि १९०४ नंतर मेथडिस्टांनी जी नावे नोंदवली, त्यांतली कितीतरी त्या त्या काळी कोणा ना कोणाला खुपलीच असणार. त्यांतल्याच काही घरांतून आजची कमिटी बसली आहे, हे बोलून दाखवले तर रागावणारेही आहेत.

परंतु कमिटीने काहीच करू नये, असेही मला म्हणता येत नाही. त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात अपराधी भावाशी कसे वागावे याचा क्रम दिलेला आहे: आधी त्याला एकांतात गाठावे, न ऐकले तर एक-दोघांना बरोबर न्यावे, मग मंडळीला सांगावे, आणि तरीही न ऐकले तर त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार यांच्यासारखे समजावे. हे शेवटचे वाक्य, बाहेर काढा अशा अर्थाने, अर्जदारांना पाठ आहे. ज्याच्या नावाचे हे शुभवर्तमान तो मत्तय जकातनाक्यावर बसलेला असताना येशूने त्याला बोलावले आणि नंतर त्याच्या पंक्तीला तो जकातदारांसह जेवला, ते याच पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. जकातदारासारखे समजणे म्हणजे काय, हे त्यावरून ठरवायला हवे.

अर्जात पहिल्या दोन पायऱ्यांचा उल्लेखच नाही. त्या माणसाशी एकांतात कोण बोलले, असे मी बुधवारच्या बैठकीत विचारणार आहे. कोणी बोललेच नसेल तर निर्णय पुढे ढकलून दोघांनी त्याच्या घरी जावे आणि त्या दोघांत अर्ज करणाऱ्यांपैकी एक जण तरी असावा, अशी सूचना मांडीन. पाळकसाहेबांना उद्या फोन करून आधी कल्पना देतो, म्हणजे ऐन बैठकीत त्यांची पंचाईत व्हायची नाही.